सही करायच्या आधी वाचा: पोलीस ठाण्यात आणि कोर्टात तुमचा हक्क काय

मागच्या वर्षी नागपुरात बर्डीवरून परत येताना मावशीची पोत बाइकवाल्यांनी हिसकली, आम्ही ठाण्यात गेलो तर साहेबांनी अर्ज लिहिला अन् त्यात शब्द काय, तर "गहाळ". मावशी सही करायलाच निघाली होती, म्हटलं थांब जरा. गहाळ म्हणजे आपल्याच हातून हरवली, मग चोर कुठला अन् तपास कुठला! "हिसकावून नेली" लिहिलं की दखलपात्र गुन्हा होतो, म्हणजे पोलीस कोर्टाची वाट न बघता तपास करू शकतात. म्हणून आधी पूर्ण वाचा, चष्मा घरी राहिला असेल तर वाचून दाखवा म्हणा, कायद्यातच आहे ते.

"आमची हद्द नाही" म्हटलं तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, गुन्ह्याची नोंद त्याच ठाण्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) लागू आहे, तिच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे, आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची हेही तिथंच आहे, झेरॉक्सचे पैसे काऊन द्यायचे? घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने वर पाठवा, शहरात डीसीपी (पोलीस उपायुक्त), ग्रामीणमध्ये एसपी (पोलीस अधीक्षक), पावती जपून ठेवा, तरी नाही हललं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

मग तपास. ९० दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. कोर्टात केस सरकारी वकील चालवतो, पण कोर्टाच्या परवानगीने त्याच्या मदतीला आपला वकील देता येतो. आरोपी सुटला तर अपील तुम्हीसुद्धा करू शकता, हे लोकांना माहीतच नसतं.

वकिलाचे पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना, मुलांना, एससी-एसटीवाल्यांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो, फोन १५१००. गुन्ह्यात मार लागला, घरातला माणूस गेला, अशात नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच, आरोपी सापडला नसला तरी. बलात्कार किंवा अ‍ॅसिडच्या केसमध्ये तर प्रायव्हेट हॉस्पिटललाही लगेच फुकट उपचार करावेच लागतात, आधी एफआयआर आणा म्हणू देऊ नका.

अन् हो, सोनाराचं बिल शोधून ठेवा, चोरीचा माल सापडला की तो मुद्देमाल होतो, म्हणजे केसचा पुरावा, कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (मागितला की परत हजर करीन असं लिहून देऊन) सोडवताना तो आपलाच आहे हे दाखवावं लागतं. मावशीचं बिल देवघरातल्या डब्यात निघालं, इतवारीच्या सोनाराचं. पोत अजून नाही निघाली.