इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बदलण्याआधी उंची आणि पॉट बघा

नवा पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, तारांखालचा भाग) घेण्याआधी जुन्याची उंची लावून बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तार ते पोलपीस (पिकअपवरचे तारेखालचे धातूचे ठिपके) अंतर मोजा. हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) जाड तारेकडे साधारण 2 मिमी, बारीक तारेकडे 1.6 मिमी ठीक. सिंगल कॉइल थोडा आणखी खाली हवा. फार जवळ आला की चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तार बेसूर, थरथरती वाजते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही बदलायचाच असेल, तर नुसत्या किलोओहमच्या आकड्यावर जाऊ नका. जास्त रेझिस्टन्स म्हणजे जास्त आउटपुट असं सरसकट नसतं. कॉइलच्या वायरची जाडी आणि चुंबकही तितकेच महत्त्वाचे. चुंबकाच्या प्रकारांत अल्निको 2 चा आवाज मऊ, अल्निको 5 ठसठशीत, सिरॅमिक धारदार.

सिंगल कॉइलच्या जागी हंबकर बसवताना 250 किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रेझिस्टर) तसेच ठेवले तर आवाज दबका येतो. ते 500चे करा. ब्रिजजवळ (बॉडीवर तारा टेकतात तिथे) दोन्ही टोकांच्या तारांमधलं अंतरही मोजा: 50 मिमी की 53, त्यावर पिकअपचा आकार ठरतो. दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ, पातळ झाला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. चार वायरच्या हंबकरमध्ये हॉट (सिग्नलची) आणि ग्राउंड वायरची अदलाबदल करा. शील्डची उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.