बाहेरच्या ॲडमिशनची तयारी, आधी नाव मग गाव

भाची यंदा बारावी सायन्सला, नाशिकला गंगापूर रोडवर क्लास, आणि घरी दर रविवारी नवीन देश निघतो. म्हणून काय काय करायचंय ते एकदाचं लिहून ठेवतोय, तुमच्याकडे कोणी असेल तर वापरा.

सगळ्यात आधी कॉलेज नाही, नाव बघा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग मुलीचं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या रकान्यात. आमच्या पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही आणि दहावीच्या मार्कशीटवर आडनावात एक ए जास्त. दुरुस्तीला शाळेचं पत्र घ्या, बोर्डात चकरा मारा, त्यात महिने जातात, म्हणून हे आत्ताच. फॉर्मवर मात्र पासपोर्टवर आहे तस्संच नाव टाकायचं.

मग कॅप राउंडची सवय डोक्यातून काढा. आपल्याकडे सीईटीचं पर्सेंटाइल, डोमिसाइल, नॉन क्रीमीलेयर, ऑप्शन फॉर्म भरला की झालं, पोरगी कशी आहे कोण विचारतंय? अमेरिकेत नेमकं तेच विचारतात. कॉमन ॲपवर (एकाच ऑनलाइन फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज) 20 पर्यंत कॉलेजं, 650 शब्दांचा निबंध, शिक्षकांची पत्रं, आणि नववीपासूनचे मार्क! नववीचं प्रगतिपुस्तक कोण जपून ठेवतं हो, आमचं माळ्यावर रद्दीत असावं. आणि पत्रांची तर खरी गोची, कारण क्लासच्या नादात ज्युनिअर कॉलेजला ही फक्त प्रॅक्टिकलपुरती जाते, सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. तसलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं, त्यामुळे निदान एका सरांच्या तासाला आत्तापासून नियमित बसायचं, असं घरात ठरलंय.

इंग्लंडचं त्यामानाने सुटसुटीत. यूकासवर (तिकडच्या प्रवेशांची सामाईक वेबसाइट) जास्तीत जास्त 5 कोर्स, सगळ्यांना मिळून एकच पर्सनल स्टेटमेंट, 2026 च्या प्रवेशापासून त्यात तीन प्रश्न, 4000 अक्षरांत. विषयाबद्दल लिहायचं, निबंध स्पर्धेसारखं नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यातलं एकच, आणि मुदत 15 ऑक्टोबर, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच बहुतेक सगळं आटपायला हवं. व्हिसासाठी पैसे सलग 28 दिवस खात्यात दिसावे लागतात, तेव्हा एफडी मोडायची तर तारीख बघून मोडा.

जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही म्हणून सगळे काका तिकडेच ढकलतात, पण नुसत्या बारावीवर थेट घेत नाहीत. इथे एक वर्ष डिग्रीचं करा, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हा (तेही टेक्निकल विषयांसाठी), नाहीतर तिकडे श्टुडिएनकोलेग, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या आधीचा तयारीचा कोर्स. शिवाय एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीटं तपासून मिळणारा दाखला), फी 18,000 रुपये, आणि ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात त्या खात्याला, वर्षाचे 11,904 युरो.

कॅनडाचं काही लिहिलं नाहीये, आमचा कॅनडा सध्या शरणपूर रोडवरच्या कॅनडा कॉर्नरपर्यंतच. या रविवारी माळा काढायचाय.