दोन नाणी वेगळी माना, नमुना अवकाश चुकणार नाही

दोन नाणी एकदम फेकली की निष्पत्ती, म्हणजे शक्य असलेले निकाल, किती? बरीच मुलं पटकन सांगतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक छापा-एक काटा, म्हणजे तीन. चूक इथेच होते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

उपाय सोपा आहे. एक नाणं रुपयाचं, दुसरं पाच रुपयांचं आहे असं समजा आणि प्रत्येक निष्पत्ती त्याच क्रमाने लिहा: छाछा, छाका, काछा, काका. रुपयावर छापा आणि पाचावर काटा हे एक, त्याच्या उलट झालं तर ते दुसरं. नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या निष्पत्तींच्या संचात, घटक चार, म्हणून किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता ३/४. यात अडखळलात तर वाईट वाटून घेऊ नका. दालांबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये हेच उत्तर २/३ दिलं होतं!

दोन फाशांना तर ६ × ६ चा तक्ताच आखा. एक फासा लाल, एक पांढरा. ३६ चौकटींत बेरीज ७ सहा ठिकाणी दिसेल, २ मात्र एकाच ठिकाणी. हा तक्ता स्वतःच्या हाताने एकदा तरी भराच, छापील पाहून तो तितकासा मनात बसत नाही.

अंकांच्या उदाहरणांत शून्य सांभाळा. ० ते ५ पैकी अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या ३० नव्हे, २५ होतात, कारण दशकस्थानी शून्य चालत नाही.