परदेशी बंदरात उतरण्याआधी त्या देशाची माहिती कशी काढावी: खान्देशातून जहाजावर जाणाऱ्यांसाठी

सावद्याची केळी आमच्या पोरांच्या आधी समुद्रावर पोचली. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरावरून रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये १३-१४ अंशांवर बसून ती आखातात उतरते आणि तिच्या कागदांची काळजी निर्यातदार घेतो. चोपड्याच्या नाहीतर शहाद्याच्या पोराला मात्र स्वतःचे कागद स्वतःच बघावे लागतात. कोकणात घरटी एखादा काका-मामा दर्यावर गेलेला असतो, तो चार गोष्टी सांगतो. आपली तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, तेवढंच आपलं त्याच्याशी नातं.

पोरं मग यूट्यूबवर पर्यटकांचे व्हिडिओ बघून जातात. ते फारसे कामाचे नाहीत. पर्यटकाकडे आठवडा असतो आणि व्हिसा असतो. खलाशाकडे चार-पाच तास आणि एक शोअर पास, म्हणजे बंदरात उतरायचा तात्पुरता परवाना. त्यामुळे देश कसा आहे हे नंतर, आधी खलाशाला तिथे उतरू देतात का ते बघायचं.

घरी असतानाच

जॉइनिंगचं पत्र आलं की जहाज कुठल्या मार्गावर आहे ते कंपनीला विचारा. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) आणि खलाशाचं बायोमेट्रिक ओळखपत्र तर लागतंच; पुढचं देशागणिक बदलतं. अमेरिकेत सी-वन/डी हा खलाशांचा व्हिसा नसेल तर जहाज ह्यूस्टनला आठवडाभर उभं असलं तरी तुम्ही डेकवरूनच शहराचे दिवे बघणार. ऑस्ट्रेलियाचा मेरिटाइम क्रू व्हिसा फुकट आहे, ऑनलाइन मिळतो आणि जमिनीवर पाय ठेवायचा नसला तरी लागतो. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम अशा शेंगेन (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय) देशांत खलाशाला व्हिसाशिवाय बंदराच्या गावात आणि लगतच्या गावांत फिरता येतं. रॉटरडॅमला उतरून ॲमस्टरडॅम बघून येतो म्हणाल तर ते नियमाबाहेर.

आफ्रिका किंवा ब्राझीलकडे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि तिचा दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की २०१६ पासून दाखला जन्मभर चालतो. तो हरवला तर परत येताना आपल्याच देशात विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात, आणि भुसावळची गाडी तुमच्याविना निघून जाते.

बॅग भरताना आईशी भांडण

हे भांडण प्रत्येक घरी होतं. काळा मसाला, बिबडे, कैरीचं लोणचं, शेव. बिबडे न्या, शेव न्या. मसाल्याचं मात्र विचारा: त्यात खसखस आहे का? आमच्याकडे बऱ्याच घरी असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या नियमात येते आणि कितीतरी पोरं दुबईला विमानाने उतरून फुजैराला जहाज पकडतात. म्हणजे ती पुडी जहाजावर नाही, विमानतळाच्या स्कॅनरमध्ये उघडी पडते. माझ्या आईने पहिल्या वेळी अर्धा किलो मसाला बांधला होता. मी नको म्हणालो तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही, मग खसखशीशिवाय पुन्हा कुटून दिला. भाजीत फरक कळत नव्हता, पण तिला कळत होता.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल आखातात पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका. सिंगापूरला व्हेप आणि च्युइंगम दोन्ही चालत नाही. ऑस्ट्रेलियात फळ, बी, मसाला घेऊन खाली उतरूच नका. खिशातलं अर्धं सफरचंदसुद्धा महागात पडतं.

जहाजावर, बंदर दोन दिवसांवर असताना

आता तीन माणसं गाठा. पहिला कॅप्टन. क्रू लिस्ट आणि पासचा पत्रव्यवहार तोच एजंटाशी, म्हणजे बंदरात जहाजाची कामं बघणाऱ्या माणसाशी करतो. त्याला थेट विचारायचं धाडस नसेल तर चीफ ऑफिसरला विचारा की शोअर लीव्ह, म्हणजे उतरायची सुट्टी, मिळणार का. दुसरा, जो त्या बंदरात आधी जाऊन आला आहे असा एबी (अनुभवी खलाशी) किंवा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम). तिसरा, जहाजाचा कुक. हसू नका, गेटबाहेर भाजी कुठे मिळते, टॅक्सीवाला किती घेतो आणि कुठे फसवतो, हे कुकला सगळ्यांपेक्षा पक्कं माहीत असतं.

याच सुमारास कस्टमसाठी क्रूच्या सामानाचा फॉर्म भरून घेतात. सिगारेटची पाकिटं, रोकड, लॅपटॉप खरं लिहा. जास्तीची पाकिटं गादीखाली लपवणारे ‘हुशार’ मी बरेच पाहिलेत. कस्टमवाले आधी गादीच उचलतात. कॅप्टनकडून पगारातून ॲडव्हान्स घ्यायचा तर डॉलर सुट्ट्या नोटांत मागा. ५० ची नोट पाहिली की गेटवरच्या टॅक्सीवाल्याकडे कधीच सुट्टे नसतात.

उतरताना

गँगवेच्या, म्हणजे जहाजावरून उतरायच्या शिडीच्या, बोर्डावर परतायची वेळ लिहिलेली असते. ती जहाजाची वेळ असते. मी एकदा इथेच आपटलो. फोनने सिग्नल मिळताच स्वतःचं घड्याळ त्या बंदराच्या वेळेवर नेलं, जहाजाचं तासभर पुढेच होतं. मी आरामात पाच वाजता आलो, तर बोसन गँगवेच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभा आणि त्याच्या घड्याळात सहा. पुढची दोन बंदरं मी डेकवरच काढली. तेव्हापासून मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेचं.

शोअर पास, ओळखपत्राची प्रत, जहाजाचं नाव, बर्थ नंबर (जहाज उभं असलेल्या धक्क्याचा क्रमांक) आणि एजंटाचा फोन एका कागदावर लिहून खिशात ठेवा. बॅटरी संपली की फोनमधलं सगळं गेलं. कंटेनर टर्मिनलमध्ये पायी चालू नका, बंदराची बस गेटपर्यंत सोडते. टॅक्सी ठरवताना येण्याजाण्याचं भाडं एकदमच ठरवा.

बहुतेक मोठ्या बंदरांत सीफेअरर्स सेंटर असतं. मिशन टू सीफेअरर्स किंवा स्टेला मारिस अशा संस्था ती चालवतात. वायफाय, सिमकार्ड, पैसे बदलून देणं, शहरात जायला छोटी गाडी. या संस्था चर्चच्या असल्या तरी धर्म कोणी विचारत नाही. मी पहिल्यांदा संकोचलो होतो. तिथे एका म्हातारबाबांनी चहा दिला आणि नकाशावर पेनने बाजाराचा रस्ता काढून दिला. पगार अडकला, मारहाण झाली किंवा मन फारच खचलं तर सीफेअररहेल्प ही मोफत हेल्पलाइन २४ तास चालते, हिंदीतही बोलता येतं.

परत आल्यावर

केबिनमध्ये झोपण्याआधी एका वहीत त्या बंदराचं पान करा: गेटचा नंबर, बसचा क्रमांक, टॅक्सीचं खरं भाडं, प्लगचा आकार. माझ्या सिंगापूरच्या पानावर ‘तीन चौकोनी पिना’ असं लिहिलं आहे आणि खाली ‘लिटल इंडियात ज्वारीचं पीठ मिळालं’. ते पान आतापर्यंत जळगावकडच्या चार पोरांनी फोटो काढून नेलंय.