लष्करी तळाच्या फुटबॉल संघाचा हंगाम कागदांतून कसा जुळवायचा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या नौदल आणि लष्करी तळांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ थेट विद्यापीठांशी खेळत, आणि बऱ्याचदा त्यांना धूळही चारत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या १९४३च्या अखेरच्या कॉलेज फुटबॉल क्रमवारीत आयोवा प्री-फ्लाइट (नौदलाच्या भावी वैमानिकांची शाळा) दुसरा होता, ग्रेट लेक्स (नौदलाचा प्रशिक्षण तळ) सहावा, डेल मॉन्टे प्री-फ्लाइट आठवा आणि मार्च फील्ड (लष्कराचा हवाई तळ) दहावा. अशा संघाचा हंगाम जुळवायला बसलात तर खेळाडूंच्या यादीपासून सुरुवात करू नका. तळावर यादी टिकत नाही. प्रशिक्षण संपलं, बदलीचा हुकूम आला, की माणूस शनिवारच्या सामन्याआधीच गाडीत बसलेला असतो. सुरुवात तारखांपासून करा.

दोन तक्ते आखा. पहिल्यात एका सामन्याला एक ओळ: तारीख, मैदान, प्रतिस्पर्ध्याचं पूर्ण नाव, मध्यंतराचा आणि अखेरचा गुणफलक, गुण कोणी केले, माहिती कुठून मिळाली. दुसरा तक्ता ‘कोण कधी दिसला’ याचा: नाव, हुद्दा, सामन्याची तारीख, सुरुवातीपासून खेळला की बदली म्हणून. खेळाडूंची यादी शेवटी या दुसऱ्या तक्त्यातूनच निघते. छापील कार्यक्रमपत्रिकेवरून ती उतरवली, तर मैदानावर कधी न उतरलेली माणसंही घुसतात.

तारखांत चूक होते ती वृत्तपत्रामुळे. शनिवारचा सामना रविवारच्या अंकात येतो. रविवारचा अंक नसेल तर सोमवारच्या. तळाचं स्वतःचं पत्र साप्ताहिक असेल तर बातमी पुढच्या आठवड्यात. अंकाची तारीख ती सामन्याची तारीख नव्हे. दिनदर्शिकेवर वार ताडून बघा. यजमान आणि पाहुणा, दोघांच्या गावचं वृत्तपत्र वाचा. हरलेल्या गावच्या वार्ताहराने अनेकदा जास्त तपशील दिलेला असतो. सबबी सांगायच्या तर तपशील लागतातच.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. नौदलाच्या बहुतेक प्री-फ्लाइट शाळा विद्यापीठांच्या किंवा कॉलेजांच्या आवारात भरत. त्यामुळे आयोवा सिटीत हॉकाइज हा विद्यापीठाचा संघ आणि सीहॉक्स हा नौदलाचा, आणि मथळ्यात दोघंही ‘आयोवा’. नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया आणि सेंट मेरीज इथेही तीच गत. १९४३च्या क्रमवारीतला चौथा ‘नेव्ही’ हा तळाचा संघ नाही; ती ॲनापोलिसची नौदल अकादमी. ‘आर्मी’ म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. आणि नौदलाच्या व्ही-१२ या अधिकारी-प्रशिक्षण योजनेतले विद्यार्थी खेळवणारी विद्यापीठं विद्यापीठंच राहतात, त्यांना तळाच्या खात्यात टाकू नका. हा भेद महत्त्वाचा, कारण व्ही-१२मधल्या मुलांना खेळायची मुभा होती, तर लष्कराच्या तशाच योजनेतल्या मुलांना नव्हती.

गुणफलक गणिताने तपासा. त्या काळी टचडाऊनला ६, त्यानंतरच्या किकला १, फील्ड गोलला ३, सेफ्टीला २. किकऐवजी २ गुण घेण्याची सोय कॉलेज फुटबॉलमध्ये १९५८मध्ये आली. नोत्र दाम विद्यापीठाने २० नोव्हेंबर १९४३ला आयोवा प्री-फ्लाइटला १४–१३ असं हरवलं. १३ म्हणजे बहुधा दोन टचडाऊन आणि एक हुकलेली किक. मग वृत्तान्तात ती किक शोधा. सापडली की गुणफलक पक्का. वृत्तान्तातल्या गुणांची बेरीज जुळत नसेल तर दुसरं वृत्तपत्र उघडा, अंदाजाने आकडा भरू नका.

खेळाडू अचानक दिसेनासा झाला तर ‘जखमी’ असं लिहून मोकळे होऊ नका. अँजेलो बर्टेली नोत्र दामकडून १९४३मध्ये सहा सामने खेळला आणि मरीन कोअरमध्ये गेला. त्याची जागा जॉनी लुजॅकने घेतली. २७ नोव्हेंबरला ग्रेट लेक्सने १९–१४ असं हरवलं ते या बदललेल्या संघाला. विद्यापीठात ही गत, तर तळाचं काय सांगावं!

बदलीचा पुरावा शोधताना खेळाडू कोणत्या दलात होता हे आधी बघा. १२ जुलै १९७३ला सैनिकांच्या सेवेच्या फायली ठेवणाऱ्या सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान सेवेतून सुटलेल्या लष्करी माणसांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. युद्धकाळात हवाई दल लष्कराचाच भाग होतं, म्हणून रँडॉल्फ फील्ड किंवा मार्च फील्डच्या खेळाडूची फाइल मिळेल असं गृहीत धरू नका. ग्रेट लेक्स किंवा प्री-फ्लाइटच्या नौसैनिकाची मिळण्याची शक्यता बरीच जास्त. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांना खुली होते. लष्कराच्या बाबतीत दुसरा रस्ता म्हणजे तुकडीचा रोजचा सकाळचा अहवाल. त्यात सगळ्यांची हजेरी नसते, फक्त बदल असतात: आला, गेला, इस्पितळात दाखल. आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मात्र त्यासाठी खेळाडूच्या तुकडीचं नाव माहीत असावं लागतं, नुसत्या तळाच्या नावावर काम होत नाही.

क्रमवारीचा रकाना भरताना तिची तारीखही लिहा. अखेरची क्रमवारी नाताळाच्या बरीच आधी निघे. १९४४मध्ये रँडॉल्फ फील्ड तिसरा ठरला, पण सेकंड एअर फोर्स या लष्करी हवाई दलाच्याच दुसऱ्या संघावरचा त्याचा १३–६ विजय न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर १६ डिसेंबरला, म्हणजे क्रमवारी लागल्यानंतरचा. तो तिसऱ्या क्रमांकाचं कारण म्हणून देता येत नाही. १ जानेवारी १९४४ला कॉटन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात टेक्सास विद्यापीठाशी झालेली रँडॉल्फची ७–७ बरोबरीही १९४३च्याच हंगामात धरा, वर्ष उलटलं असलं तरी.