हुकूम बाजूला ठेवून विनंती कशी करावी: फिलेमोनाच्या पत्रावरून

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मला अजून सगळे सिस्टर म्हणतात. परळच्या एका इस्पितळात वॉर्ड सांभाळून मी निवृत्त झाले आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वर्षानुवर्षं संडेस्कूल घेतलं. त्यामुळे निम्म्या मंडळीला मी कधी ना कधी सुई टोचलेली आहे, नाहीतर वचनं पाठ करून घेतलेली आहेत. कोणाचं कोणाशी बिनसलं की माणसं येतात: ‘सिस्टर, तुम्ही एकदा सांगा त्याला. तुमचं नाही मोडणार तो.’

नाही मोडणार, हे खरंच आहे. पण माझ्या शब्दाखातर सुनेनं सासूला गावाहून परत आणलं, तर गणपती ते नाताळ एवढंच ते टिकतं. पुढे भांड्यांचा आवाज वाढतो आणि मी परत बोलायला गेले की मलाच ऐकावं लागतं, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून आणलं.’ अशा वेळी काय करायचं हे मी फिलेमोनाच्या पत्रातून घेतलं आहे. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलानं फिलेमोन नावाच्या माणसाला लिहिलेलं हे छोटं पत्र.

आधी ते पत्र सलग वाचून काढा, जमल्यास मोठ्यानं. तीताचं पत्र संपल्यावर आणि इब्री लोकांचं सुरू होण्याआधी ते सापडेल. एकच अध्याय, २५ वचनं, चहा उकळेपर्यंत वाचून होतं. पौल कैदेत आहे. फिलेमोन कलस्सैचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याच्या घरी मंडळी जमते, आणि त्या काळच्या रीतीनं घरात गुलामही आहेत. त्यातला अनेसिम त्याला सोडून गेला आहे. बहुतेक लोक तो पळाला असं धरतात, पत्रात मात्र पौल तसं कुठेच म्हणत नाही. मागे काही नुकसान किंवा देणंही राहिलं असावं. हा अनेसिम पौलाला भेटला, विश्वासात आला, म्हणजे ख्रिस्ती झाला, आणि आता पौल त्याला पत्र देऊन त्याच धन्याकडे पाठवतो आहे. पळालेल्या गुलामाला फटके मारायला, डाग द्यायला रोमी धन्याला मोकळीक होती. पत्र फसलं असतं तर त्याची किंमत अनेसिमाच्या पाठीवर वसूल झाली असती. हे डोक्यात ठेवून वाचलं की एकेक वाक्य किती जपून टाकलंय ते कळतं.

आता माझ्यापुढचं प्रकरण सांगते, म्हणजे पुढचं हवेत राहणार नाही. आमच्या मंडळीतल्या एकाची पिठाची गिरणी आहे. तिथे मंडळीतलाच एक पोरगा कामाला होता. नाताळच्या तोंडावर त्यानं १२,००० रुपये उचल घेतली आणि न सांगता डिलिव्हरीच्या कामाला लागला. ऐन सणात गिरणी एकट्या मालकावर पडली. पुढे पोरगा बाइकवरून पडला, पायात रॉड बसला, आणि परत गिरणीत घ्याल का म्हणून मला विचारायला आला. थेट जायची लाज वाटत होती. दोघंही माझ्याच हाताखालून गेलेले.

पहिलं बघायचं ते हे, की हुकूम करायचा अधिकार तुमच्याकडे आहे तरी का? नसेल तर ‘मी सांगू शकले असते, पण विनंती करते’ ही नुसती ऐट झाली. पौलाकडे तो होता. आठव्या वचनात तो म्हणतो की योग्य ते करायची आज्ञा करायला ख्रिस्तात मला धैर्य आहे, आणि नवव्यात लगेच म्हणतो की तरी प्रीतीस्तव विनंतीच करतो. अधिकाराचा उल्लेख एकदाच, आणि पाठोपाठ स्वतःची ओळख म्हातारा आणि कैदी अशी. ‘प्रेषित’ ही पदवी तो पत्राच्या सुरुवातीलाही लावत नाही. करिंथकरांस आणि गलतीकरांस, म्हणजे तिथल्या मंडळ्यांना, लिहिताना लावतो, इथे नाही. आपणही अध्यक्ष, सचिव, माजी अमुक हे सहीखालचे शेपूट कापावेत. लेटरहेड तर घेऊच नये.

एक सांगून ठेवते. पौल नेहमी असाच बोलतो असं मुळीच नाही. गलतीकरांना तो सरळ बुद्धिहीन म्हणतो. करिंथकरांना विचारतो, काठी घेऊन येऊ की प्रीतीनं? वॉर्डात पेशंटचा श्वास अडकल्यावर मी ज्युनियर नर्सला विनंती करत बसले नाही, ‘सक्शन आण’ म्हणून ओरडले. वेळ नसतो तिथे हुकूमच लागतो. विनंती तिथे, जिथे काम मनापासून झालं नाही तर झाल्यासारखंच नाही.

दुसरं, स्तुती. पौल सुरुवातीला फिलेमोनाची स्तुती करतो, पण घडलेल्या गोष्टीची: तुझ्यामुळे पवित्र जनांच्या जिवाला विसावा मिळाला. पुढे विसाव्या वचनात तेच मागतो, माझ्याही जिवाला विसावा दे. म्हणजे त्या माणसानं याआधी केलेलं चांगलं शोधायचं आणि त्याच जातीचं आणखी एक मागायचं. आमच्या गिरणीवाल्यानं कोविडच्या टाळेबंदीत कित्येकांचं दळण उधारीवर करून दिलं होतं, आणि नंतर वही काढली नाही. मला तेवढंच लिहायचं होतं. ‘तू फार प्रेमळ आहेस’ असलं काही लिहिलं असतं तर त्याला तिसऱ्या शब्दालाच कळलं असतं की सिस्टरचं काम आहे.

ज्याच्यासाठी रदबदली करायची त्याचं नाव लवकर काढू नका. पौल ते दहाव्या वचनापर्यंत येऊ देत नाही, आणि तिथेही ‘माझं लेकरू’ आधी येतं, अनेसिम मागाहून. रागावलेला माणूस नाव वाचलं की पुढचं वाचत नाही. मोबाइलवर तर हे फारच खरं, कारण नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ दिसते.

चुकीची वकिली करू नका. पौल कुठेही म्हणत नाही की बिचारा तरुण होता, परिस्थिती वाईट होती, तूही जरा कडकच होतास. ‘त्यानं तुझं काही वाईट केलं असलं, देणं असलं’ एवढंच. माझ्याकडे येणारे लोक इथेच घसरतात. ते म्हणतात, ‘पगार तरी किती देत होता तो?’ देत असेल कमी. त्या प्रश्नावर वेगळ्या दिवशी, वेगळ्या आवाजात बोलावं. रदबदलीच्या कागदात तो आला की रदबदली संपली.

यानंतरचं वचन मला सगळ्या पत्रात जड वाटतं. अठरावं: त्याचं जे देणं असेल ते माझ्या खाती मांड. एकोणिसाव्यात पौल लेखनिकाच्या हातून लेखणी घेतल्यासारखा लिहितो, मी पौल माझ्या हातानं लिहीत आहे, मी फेडीन. प्रीतीनं सांगणं म्हणजे गोड बोलणं असं आपण धरून चालतो. गोड बोलायला पैसे पडत नाहीत. इथे विनंती करणाऱ्यानं खिशात हात घातला आहे, तोही तुरुंगात बसून. मी स्वतःपुरता नियमच केला आहे: समोरच्याला जे सोसायला सांगते आहे त्यातलं मी काय सोसणार, हे लिहिता येत नसेल तर पत्र लिहायचं नाही. दर वेळी पैसाच असं नाही. सासूला आणायचं असेल तर आठवड्यातून दोन दुपारी मी तिच्यापाशी बसेन, हेही चालतं. पण तारीख-वार घालून लिहायचं, आणि मग पाळायचं.

तितकंच महत्त्वाचं, नाही म्हणायला दार उघडं ठेवणं. अनेसिमाला स्वतःजवळ ठेवून घ्यावं असं पौलाला वाटत होतं, पण तुझ्या संमतीशिवाय काही करावं असं वाटलं नाही, म्हणजे तुझा चांगुलपणा सक्तीचा होऊ नये, असं तो चौदाव्या वचनात लिहितो. दुसऱ्या करिंथकरांस पत्रात, यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी मागतानाही त्याचं तेच: हे आज्ञा म्हणून सांगत नाही. आपल्या इकडचं उदाहरण द्यायचं तर नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही सोपी गेली नाहीत. पण लक्ष्मीबाईंचा निर्णय लक्ष्मीबाईंचाच राहिला.

पत्रात दाब मुळीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ‘तू स्वतःच माझा ऋणी आहेस, ते मी बोलत नाही’ असं म्हणत पौल ते बोलतोच. शेवटी लिहितो, माझ्यासाठी राहायची जागा तयार ठेव. म्हणजे स्वारी तपासायला येणार! शिवाय पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. परंपरेनं त्याची पत्नी मानलेली अप्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणारी मंडळी यांचीही नावं वर आहेत, म्हणजे सगळ्यांदेखत वाचलं गेलं असणार. पौलाचं पौलाला शोभलं. तुम्ही मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असलं काही टाकू नका. दीडशे लोक हात जोडलेले इमोजी टाकतात, आणि त्या माणसाला हो म्हणण्यावाचून गती राहत नाही. एकट्याला लिहा. जुने उपकारही काढू नका.

मी वहीच्या कागदावर लिहिलं ते असं:

‘सलाम. टाळेबंदीत तू माझं आणि आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांचं दळण करून दिलंस, पैसे मागितले नाहीस. ते मी विसरलेले नाही. आज तसंच काहीतरी मागायला लिहिते आहे. सिस्टर म्हणून सांगत नाही. तुझ्याकडे उचल घेऊन गेलेला पोरगा परत आला आहे. त्यानं तुला ऐन सणात अडचणीत टाकलं, त्यात वाद नाही. पाय बरा नाही, डबे उचलणं त्याला जमणार नाही. वजन करणं, पैसे घेणं, वही लिहिणं जमेल. ते काम त्याला देशील का? उचलीचे १२,००० मी भरते, दर महिन्याला पेन्शन झाली की २,०००. तुला जमत नसेल तर नाही म्हण. मला कारण देऊ नकोस, आणि रविवारी भेटशील तेव्हा हा विषय मी काढणार नाही.’

कागद मी पोराच्याच हाती दिला. अनेसिमालाही कलस्सैला जावंच लागलं. पौलाचा सहकारी तुखिक सोबत होता असं कलस्सैकरांस पत्रात आहे, म्हणून मीही तरुण संघातला एक जण सोबत दिला. चिठ्ठी टपालानं गेली आणि माणूस घरी बसून राहिला, तर त्यानं काय केलं मग?

पाठवल्यावर गप्प बसणं हे या सगळ्यातलं अवघड काम. दोन निळ्या टिका दिसल्या की बोटं शिवशिवतात. ‘वाचलंस का?’ विचारू नका, आणि त्याच्या बायकोला भाजीबाजारात गाठून तर अजिबात विचारू नका. गिरणीवाल्यानं बरेच दिवस काही कळवलं नाही. मग पोराला संध्याकाळच्या पाळीला ठेवून घेतलं. उचल माफ केली नाही. पौल एकविसाव्या वचनात म्हणतो तसं सांगितल्यापेक्षा जास्त कोणी केलं नाही, बरोबर सांगितलं तेवढंच केलं. माझे २,००० तो मोजून घेतो, आणि वहीत मांडतो. घ्यावेतच, त्याचे आहेत.

एका ठिकाणी मात्र हे पत्र काढायचंच नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात चार्ल्स कॉल्कॉक जोन्स नावाच्या पाळकानं गुलाम श्रोत्यांपुढे याच पत्रावर उपदेश केला, पौलाचा आधार घेऊन पळून जाणं वाईट असं सांगितलं. निम्मे लोक उठून चालते झाले. काही म्हणाले, असलं पत्र बायबलात नाहीच. हे त्यानंच पुढे आपल्या अहवालात लिहून ठेवलं आहे. पत्र तेच होतं, रोख उलटा होता. पौलानं ज्याच्या हातात चाबूक होता त्याला लिहिलं, आणि आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे असं त्याला सांगितलं. जोन्सनं पाठीवर वळ असलेल्यांना सुनावलं.

म्हणून नवऱ्याच्या मारातून सुटून आलेली बाई दारात उभी असेल, तर तिला ‘प्रीती सर्व काही सहन करते’ ऐकवून परत पाठवायचं नाही. घरात पोराला चटके बसत असतील तर बापाला पत्र लिहीत बसायचं नाही. बाईसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८ हे नंबर लावायचे. पाळकसाहेबांनाही मी हे स्पष्ट सांगून ठेवलं आहे, आणि ती विनंती नव्हती.