थंडीतलं ससेपालन: 28 व्या दिवशी पेटी पिंजऱ्यात गेलीच पाहिजे

उत्तरेचं वारं सुटलं की निफाड पट्ट्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटतात. त्याच वस्तीवर मागच्या पडवीत सशाची मादी उघड्या जाळीवर वीत असते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

अशीच एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जाळीवर सात पिल्लं, बोटाएवढी, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले. एकाचा मागचा पाय तारेच्या फटीत अडकलेला. मादीने पोटाचे केस उपटून कोपऱ्यात ढीग केला होता, पण खाली आधार नसल्याने निम्मे केस जाळीतून लेंड्यांवर पडले होते. मालक म्हणाला, "मादीच खोडीची आहे, विकून टाकतो." मादीची काही चूक नव्हती. तिला विण्यासाठी पेटी मिळाली नव्हती, कारण ती नराला कधी दाखवली ती तारीख कुणी लिहिली नव्हती.

गेली कित्येक वर्षं पिल्लं मेलेली पाहतोय. रोगाने मेलेली थोडी, गारठून मेलेलीच जास्त. म्हणून आधी तारीख लिहा. ससा सरासरी 31 दिवसांनी वितो, 28 ते 32 च्या दरम्यान कधीही. 1 डिसेंबरला मादी दाखवली असेल तर 29 डिसेंबरला पेटी पिंजऱ्यात पाहिजे. फार आधी ठेवली तर मादी तिच्यात लघवी-लेंड्या करून घाण करते. 30 व्या दिवशी ठेवू म्हणालात तर तोवर ती व्यालेलीही असेल.

पेटी विकतची नको. सफरचंदाची जुनी लाकडी पेटी चालते. साधारण 50 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. पुढच्या बाजूचा उंबरा 15 सेंटिमीटर ठेवा, तळाला लघवी निथळायला भोकं पाडा, खिळ्यांची टोकं वळवून लाकडात ठोका. आत कोरडा भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड चार बोटं जाड अंथरा. कापूस, सुतळी, बारदानाचे धागे आत नकोत, पिल्लाच्या पायाला गुंडाळले की पाय काळा पडून गळतो. बारीक भुसा नाकात जातो. बुरशीचा वास येणारा पेंढा तर गोठ्याबाहेरच ठेवा.

उंबऱ्याचं कारण नीट समजून घ्या. मांजर पिल्लू तोंडात धरून परत आणते. सशाची मादी आणत नाही. दूध पिताना सडाला लोंबकळलेलं पिल्लू तिच्या उडीबरोबर बाहेर आलं, तर ते बाहेरच राहतं. आई शेजारी बसलेली असते आणि पिल्लू गारठून मरतं. ते उचलून आत ठेवायचं काम तुमचं, म्हणून थंडीत पहाटे एक फेरी आणि रात्री झोपण्याआधी एक.

गार पडलेलं पिल्लू मेलं असं समजून टाकू नका. हाताच्या ओंजळीत धरा, कोमट पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळून तिच्याशेजारी ठेवा. वळवळायला लागलं की पेटीतल्या भावंडांच्या मधोमध, केसांखाली सरकवा. आधी ऊब, दूध नंतर. निळसर पडलेली पिल्लं अर्ध्या तासात गुलाबी झालेली मी पाहिली आहेत. पेटीत पिल्लांना 30 ते 32 अंशांची ऊब लागते. आईचे केस आणि कोरडा पेंढा असला की ती पिल्लांच्या अंगाचीच तयार होते. वर बल्ब टांगायचा मोह टाळा, पेंढा पेटल्याचे प्रकार झाले आहेत.

आता आईकडे वळू. व्यायल्यावर ती गुरगुरते, मागचा पाय आपटते, हातावर पुढचे पाय मारते. हे तिचं पिल्लं राखणं आहे, त्याला खोड म्हणू नका. चिडते म्हणून पेटीत बघायचंच नाही, हेही चुकीचं. रोजच्या माणसानेच जावं. एका कोपऱ्यात मूठभर लसूणघास द्यावा, ती खायला वळली की पेटी अलगद बाहेर घ्यावी. हाताला तिच्याच पेंढ्याचा वास चोळून घ्यावा. मेलेलं पिल्लू, ओला पेंढा काढावा, मोजावं, दोन मिनिटांत पेटी परत. लग्नाचा बँड, फटाके, पिंजऱ्याखाली फिरणारं कुत्रं यांनी ती बिथरून पेटीत उडी घेते आणि स्वतःच्याच पिल्लांना तुडवते. त्या दिवसांत कुत्रं बांधा.

"आई पिल्लांजवळ बसतच नाही" ही तक्रार दर हिवाळ्यात येते. ती बसणारच नाही. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही पहाटे किंवा रात्री, तीन-चार मिनिटं पाजते. दूध घट्ट असतं, तेवढं पुरतं. पिल्लाचं पोट बघा. गोल, ताणलेलं, कातडीतून पांढरं दूध दिसतंय तर काळजी नाही. सगळ्यांचीच पोटं सुरकुतलेली असतील तर मादीला पेटीत धरून रोज एकदा पाजून घ्या. बहुतेक मादी तीन-चार दिवसांत आपणहून पाजू लागते.

दोन-तीन माद्या एकाच दिवशी दाखवा. म्हणजे एकीला अकरा आणि दुसरीला पाच झाली तर वाटून देता येतात. सड साधारण आठ असतात, आठच्या वर ठेवू नका. पिल्लांच्या वयात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नको.

याच वेळी दुकानदार कॅल्शियमची बाटली आणि दूध वाढवण्याची पावडर पुढे करतो. घेऊ नका. ससा चाऱ्यातलं कॅल्शियम भरपूर शोषून घेतो आणि जादाचं लघवीतून टाकतो. ती पांढरट गढूळ लघवी म्हणजे तुमचे वाहून गेलेले पैसे. दुधाला लागतं पाणी. पिल्लांची आई दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते आणि पहाटे नळीचं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा कोमट पाणी भरून द्या. व्यायल्यावर वाटीभर गुळाचं पाणी मी देतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण तहानलेली मादी पिल्लं चावते असा माझा अनुभव आहे.

बाकी नेहमीचं:

- गोणपाट वाऱ्याच्या बाजूनेच लावा, वर वीतभर फट ठेवा. सगळं बंद केलं की लघवीचा वाफारा छातीत जातो.
- पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या पिल्लं खातात.
- उंदीर, साप, मुंगूस यांच्या वाटा बुजवा.
- कानात खरूज असेल तर मादी रिकामी असतानाच उपचार: आयव्हरमेक्टिन, किलो वजनाला 0.2 मिलिग्रॅम, कातडीखाली, 14 दिवसांनी पुन्हा, पशुवैद्यकाच्या हातून.
- गोचीड-पिसवांवरच्या फिप्रोनिलचा फवारा सशावर कधीच नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही प्रतिजैविकं तोंडाने देऊ नका, आतडी बिघडून ससा मरतो.
- डोळे 10-12 दिवसांनी उघडतात. चिकटले तर कोमट पाण्याने पुसा.
- तिसऱ्या आठवड्यानंतर पेटी काढा, धुऊन उन्हात वाळवा.
- पिल्लं 30 दिवसांच्या पुढे आईपासून तोडा.

माझा एक अंदाज, हवा तर पडताळून पाहा: मादी संध्याकाळी तोंडात पेंढा धरून फिरू लागली आणि खुराक तसाच राहिला, तर ती त्याच रात्री वितेच. मग जागं राहा.

तारीख आठवत नसेल तर आज संध्याकाळीच पोट बघा. गळ्याखालचे, पोटाचे केस सैल होऊन हातात येत असतील तर दिवस मोजत बसू नका, पेटी आताच आत ठेवा. आणि पुढच्या वेळेसाठी पिंजऱ्याच्या दाराला एक पुठ्ठा तारेने बांधा, त्यावर दोनच आकडे: दाखवल्याची तारीख आणि पेटीची तारीख.